सनोबरचा गुन्हा काय?

एप्रिल 2025 च्या अखेरीस जेरुसलेमच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत मोठा वणवा पेटला. जेरुसलेम–तेल अवीव महामार्ग बंद करावा लागला, लोक गाड्या रस्त्यातच सोडून पळाले. त्याच दिवसांत गाझातून मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या. त्यामुळे आगीचे ते व्हिडिओ आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कोणत्या भावनेने फिरले असतील, हे सांगायला नको. व्हिडिओंसोबत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा वाचायला मिळत होत्या. एक म्हणजे, जळणारी ही पाइनची झाडे युरोपातून आणलेली, परकी; पॅलेस्टाइनच्या मातीने त्यांना कधी स्वीकारलेच नाही. दुसरी म्हणजे, हा खुदाचा कहर आहे.

कहर कोणावर आणि का उतरतो, हे ठरवणारे आपण कोण? त्यामुळे दुसऱ्या गोष्टीवर मी वाद घालत नाही. पहिली गोष्ट मात्र तपासून पाहता येते, आणि ती खरी नाही. जळत होते त्यातले बरेचसे झाड पॅलेस्टाइनचेच आहे. वनस्पतीशास्त्रात त्याचे नाव पायनस हालेपेन्सिस, म्हणजे हलबचा पाइन. हलब म्हणजे सीरियातले अलेप्पो. इस्रायली लोक त्याला जेरुसलेम पाइन म्हणतात, अरब सनोबर म्हणतात.

सनोबर! आपल्या घराघरांत हे नाव मुलींना आहे. रत्नागिरीपासून नांदेडपर्यंत शाळेच्या कुठल्याही हजेरीपटात एखादी सनोबर सापडेल. उर्दू शायरीने हा उंच, हिरवा, डौलदार वृक्ष इतका वापरला की तो न पाहिलेल्या लोकांनीही आपल्या लेकींना त्याचे नाव दिले. झाड मात्र आपल्याकडे नाही. अलिबाग-नागाव-दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटक ज्याला ‘पाइन’ म्हणून फोटो काढतात ते सुरू आहे. त्याच्या सुया म्हणजे पानेही नाहीत, गाठीगाठींच्या हिरव्या काड्या आहेत, आणि मुळात ते पाइनच्या कुळातलेच नाही. गंमत अशी की सुरू हा शब्दही फारसीतल्या ‘सर्व’वरून आलेला, आणि तो सर्व म्हणजे सायप्रस, तिसरेच झाड! पाइनशी आपला खरा संबंध येतो तो सुक्या मेव्याच्या दुकानात. अफगाणिस्तानातून येणारे चिलगोजे हे याच्याच एका चुलत भावाचे बी.

हलबच्या पाइनची खरी वस्ती भूमध्य समुद्राभोवती आहे. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस अशी ती पसरली आहे. पूर्वेकडे, म्हणजे लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइनमध्ये, ते तुकड्यातुकड्यांत उगवते. खुद्द अलेप्पोच्या परिसरात त्याच्यापेक्षा त्याचा सख्खा भाऊ, तुर्की पाइन, जास्त दिसतो. नाव देणाऱ्यांची ही जुनी गफलत. समुद्रावरून येणारा खारा वारा, चुनखडीचा उथळ थर, चार-पाच महिने पावसाचा थेंब नाही, अशा जागी हे झाड उभे राहते. हैफाजवळ कार्मेल डोंगर समुद्राला जिथे भिडतो तिथे ते निसर्गतः आहे. जॉर्डनमध्ये जेराशजवळच्या दिब्बीनच्या जंगलात ते ओकच्या सोबतीने वाढते. त्याच्या नैसर्गिक पट्ट्याची ही जवळजवळ दक्षिणेकडची शेवटची हद्द.

ट्युनिशियात तर हे झाड थेट आपल्या सणात शिरले आहे. तिथे ईद-ए-मिलादच्या दिवशी घरोघरी ‘असीदा जगूगू’ करतात. जगूगू म्हणजे याच पाइनचे बारीक काळपट बी. ते वाटून, गाळून, पीठ-साखर घालून घोटायचे, वर मलई आणि सुक्या मेव्याची नक्षी काढायची. 1864 च्या दुष्काळात धान्य संपल्यावर लोकांनी या बियांचे पीठ खाल्ले, तिथून ते ताटात आले असे सांगतात. पैगंबरांच्या जन्मदिनी ज्याचा गोड पदार्थ होतो, त्या झाडाला ‘झायोनिस्ट झाड’ म्हणणे ट्युनिसच्या एखाद्या आजीला ऐकवून बघा.

तर झाड स्थानिक. पण प्रश्न इथे संपत नाही, इथून सुरू होतो. कारण पोस्टी लिहिणाऱ्यांनी तपशील चुकवला असला तरी त्यांचा संताप खोट्या गोष्टीवर उभा नाही.

पॅलेस्टाइनच्या डोंगरांवर सनोबर होता, पण विरळ. ओक, पिस्ता, खर्नूब, रानबदाम यांच्या गर्दीतला तो एक होता. खालच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेली पायऱ्यांची शेती होती. कोकणातले गडगे ज्यांनी पाहिलेत त्यांना ते चित्र समजेल. त्या पायऱ्यांवर ऑलिव्ह, अंजीर, द्राक्ष. अशा डोंगरावर आज मैलोन्‌मैल एकाच वयाचे, एकाच उंचीचे, रांगेत उभे असलेले पाइन दिसतात. निसर्ग असे करत नाही, हे कोणीतरी केलेले असते.

केले ते मुख्यतः ज्युईश नॅशनल फंडने. 1901 साली बासेलच्या झायोनिस्ट अधिवेशनात हा निधी स्थापन झाला. जगभरच्या ज्यू घरांत, शाळांत त्याचा निळा डबा असे. मुले त्यात नाणी टाकत. आजवर 24 कोटींहून अधिक झाडे लावल्याचे हा निधी सांगतो. सुरुवात पाइनने झाली नव्हती. 1908 मध्ये हर्झलच्या नावाने जे वन लावायला घेतले ते ऑलिव्हचे होते. रोपे अरब मजुरांनी लावली म्हणून ज्यू कामगारांनी ती उपटली आणि स्वतःच्या हाताने परत लावली. पुढे ते ऑलिव्ह जगले नाहीत आणि त्यांच्या जागी पाइन आले. रोप तेच, खड्डा तोच, फक्त हात कोणाचे यावरून ते उपटायचे! पुढच्या शंभर वर्षांत काय होणार याचा अंदाज या एका घटनेतही येऊ शकला असता.

पाइनच का? यात कारस्थान कमी आणि रोपवाटिकेचा हिशेब जास्त आहे. सनोबरचे बी सहज रुजते, त्याला थंडीत ठेवून जागे करण्याची गरज पडत नाही. वर्षभराचे वीतभर रोप पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे तिकडे हिवाळ्याच्या सुरुवातीला, लावायचे. पहिला उन्हाळा निभावला की पाणी नको. मूळ खडकाच्या फटींत खोल जाते. मोठे रोप लावायचा मोह मात्र टाळावा लागतो, कारण पिशवीत गोल फिरलेले मूळ पुढे वाऱ्यात झाड आडवे करते. खत नको, चांगली माती नको. ओकला दिसण्याजोगे व्हायला जितकी वर्षे लागतात, त्याच्या निम्म्याहून कमी काळात पाइनचा डोंगर हिरवा दिसतो. वर्गणीदाराला फोटो दाखवायचा असेल, किंवा एखादी जमीन पटकन ‘वापरात’ दाखवायची असेल, तर याच्यासारखे झाड नाही. ब्रिटिशांनीही आपल्या काळात ते लावले. 1926 च्या वन अध्यादेशाने गावांची चराईची जमीन राखीव झाली तेव्हापासून पॅलेस्टिनी शेतकऱ्याला ‘जंगल’ या शब्दाची धास्ती आहे. आपल्याकडच्या आदिवासी आणि धनगरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

1948 नंतर हे काम नुसते वनीकरण राहिले नाही. चारशेहून अधिक गावे रिकामी झाली, सात लाखांवर माणसे निर्वासित झाली. घरे पाडली गेली आणि कित्येक गावांच्या जागी रोपे लागली. गालिलीतले सफ्फुरिया हे चार हजारांवर वस्तीचे गाव; कवी ताहा मुहम्मद अली तिथला. तो उरलेले आयुष्य काही किलोमीटरवरच्या नाझरेथमध्ये राहिला, त्याच्या गावावर पाइन वाढत राहिले. लुब्या या गावावर ‘साउथ आफ्रिका फॉरेस्ट’ आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यूंच्या देणग्यांतून ते उभे राहिले. त्याच समाजातल्या हायडी ग्रुनेबॉम यांनी, लहानपणी आपणही ज्याला पैसे दिले ते वन कशावर उभे आहे याचा शोध घेत 2013 मध्ये एक माहितीपट केला. देणगी देणारा प्रत्येक माणूस लबाड नव्हता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. डब्यात नाणे टाकणाऱ्या मुलाला वाटत होते, आपण वाळवंटात झाड लावतोय.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ते अमवास. इम्वास असेही लिहितात. कोरोनाच्या काळात साथीबद्दलची हदीस प्रत्येक मोबाइलवर फिरत होती : साथीच्या गावात जाऊ नका, साथ असेल तर गाव सोडू नका. ती ज्या प्रसंगात हजरत उमर (र.) यांना ऐकवली गेली, ती साथ म्हणजे ताऊन-ए-अमवास. हिजरी 18, म्हणजे इ.स. 639. हजरत अबू उबैदा (र.) त्या साथीत गेले, हजरत मुआझ बिन जबल (र.) गेले. शामचा प्रवास अर्ध्यावर सोडून हजरत उमर मागे फिरले. ते अमवास हेच, जेरुसलेमकडून किनाऱ्याकडे उतरताना लात्रूनजवळचे. जून 1967 च्या युद्धात अमवास, यालू आणि बेत नूबा या तिन्ही गावांतल्या लोकांना हाकलून देण्यात आले. घरांवर बुलडोझर फिरले. सत्तरच्या दशकात त्या जमिनीवर कॅनडातल्या देणग्यांतून एक उद्यान झाले : कॅनडा पार्क. सुटीच्या दिवशी कुटुंबे तिथे शेगड्या घेऊन येतात. झोख्रोत या इस्रायली संस्थेने न्यायालयात पाठपुरावा केल्यावर गावांची नावे सांगणारे फलक लागले. तेही फार काळ धड राहिले नाहीत. आपण जुम्याच्या खुतब्यात अमवासचे नाव ऐकतो, आणि त्या गावचे वंशज आज रामल्ला आणि अम्मानमध्ये राहतात, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

पाइन लपवतो तसा उघडेही पाडतो. ऑगस्ट 2021 मध्ये जेरुसलेमच्या डोंगरांत वणवा लागला आणि राख निवल्यावर उतारावर जुन्या शेतीच्या पायऱ्या एकावर एक उघड्या झाल्या. दगडी बांध जसेच्या तसे. ए. बी. येहोशुआ या इस्रायली लेखकाने 1963 मध्येच एक दीर्घकथा लिहिली होती : वनाचा रखवालदार, जीभ कापलेला अरब, आणि वन जळाल्यावर खाली सापडलेले गाव. म्हणजे हे तिथल्या लोकांना माहीत नव्हते असे नाही.

आता आगीबद्दल. सनोबर आगीचे झाड आहे. डिंकाने भरलेले खोड, खाली सुयांचा सुका थर, खालच्या वाळक्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. आग जमिनीवरून फांदीवर, फांदीवरून शेंड्यावर जाते. ओक जळला तर बुंध्यातून फुटतो, पाइन मरतो. मात्र मरण्याची त्याची तयारी असते. त्याचे काही शंकू डिंकाने बंद होऊन वर्षानुवर्षे फांदीवर राहतात आणि आगीच्या उष्णतेने उघडतात. पुढच्या पावसात राखेवर रोपांचा गालिचा उगवतो. म्हणजे ‘मातीने नाकारले’ म्हणून जे जळते, तेच दोन वर्षांत दुप्पट दाट होऊन परत येते! मिश्र जंगलात हे चक्र ठीक चालते, आग कुठेतरी अडते. एकाच झाडाच्या हजारो एकरांत ती अडत नाही.

यात शेळीचीही एक गोष्ट आहे. 1950 मध्ये इस्रायलने कायदा करून काळ्या शेळीच्या चराईवर बंधने आणली; झाडे खाते म्हणून. लोकांनी त्याचे नावच ‘काळ्या शेळीचा कायदा’ ठेवले. फटका बसला तो अरब आणि बदाऊनी गुराख्यांना. शेळ्या गेल्या, खालचे झुडूप माजले, सुका पाला साचला, वणवे वाढले. शेवटी 2018 मध्ये तो कायदा रद्द झाला, तोही जमाल जहालका या पॅलेस्टिनी खासदाराच्या पुढाकाराने, आणि कारण काय, तर शेळ्या जंगल साफ ठेवतात! आपल्याकडच्या चराईबंदी-कुऱ्हाडबंदीच्या जाणकारांनी या अडुसष्ट वर्षांवर जरूर विचार करावा.

डिसेंबर 2010 चा कार्मेलचा वणवा मी विसरू शकत नाही. त्यात 44 माणसे गेली, बहुतेक तुरुंगखात्यातले प्रशिक्षणार्थी, एका बसमध्ये अडकलेले. त्या वेळी वेस्ट बँकमधून पॅलेस्टिनी प्राधिकरणाने आपले बंब आणि जवान आग विझवायला पाठवले. ज्यांच्या गावांवर ही झाडे उभी आहेत त्या समाजाची माणसे तिथे पाण्याचा पाइप धरून उभी राहिली, आणि इथे पुण्या-मुंबईत बसून आपण जळत्या झाडांखाली टाळ्यांच्या इमोजी टाकायच्या? मला ते जमत नाही. आगीत ससे, कासवे, पाखरेही जळतात, त्यांचा कुठल्याच अधिवेशनाशी संबंध नसतो.

एकसुरी लावणीची खोड फक्त इस्रायललाच आहे असेही समजू नये. अल्जेरियात 1970 च्या दशकात बूमेदियन सरकारने सहाराला थोपवण्यासाठी ‘हिरवे धरण’ बांधायला घेतले. मोरोक्कोच्या सीमेपासून ट्युनिशियाच्या सीमेपर्यंत सुमारे 1500 किलोमीटरचा पट्टा, काम सक्तीच्या लष्करी सेवेतल्या तरुणांकडून, आणि झाड मुख्यतः एकच : हलबचा पाइन. स्वातंत्र्यलढा जिंकलेल्या मुस्लिम देशाचे हे अभिमानाचे काम. रांगेने चालणाऱ्या केसाळ अळ्यांनी पाइन पोखरले, कोरड्या पट्ट्यात रोपे मेली, मेंढपाळांना विचारलेच नव्हते म्हणून चराईचे झगडे झाले. पुढे इतर जाती मिसळाव्या लागल्या. इस्रायलमध्येही सत्तरच्या दशकात सालीखाली रस शोषणाऱ्या खवले किडीने हाच पाइन मोठ्या प्रमाणात वाळवला, आणि तिथल्या वनखात्याला तुर्की पाइन व मिश्र लावणीकडे वळावे लागले. कीड मजहब बघत नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. नेगेव वाळवंटाच्या कडेला यातीरचे वन आहे. 1960 च्या दशकात लावलेले, वर्षाला तीनशे मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस, आणि तरीही उभे. तिथे वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजमाप केले. इतक्या कोरड्यात हे झाड हवेतला कार्बन शोषते तो युरोपातल्या जंगलांच्या तोडीचा निघाला. पण त्याच संशोधनाने दुसरेही दाखवले : फिकट वाळवंट ऊन परावर्तित करते, गडद पाइन ते शोषून घेतो, आणि ही जादा उष्णता कार्बनच्या फायद्याने भरून निघायला दशके लागतात. म्हणजे ‘झाड लावले म्हणजे भलेच’ हा हिशेब विज्ञानातही इतका सरळ नाही. त्याच नेगेवमध्ये जानेवारी 2022 मध्ये बदाऊनी कुटुंबे कसत असलेल्या जमिनीवर रोपे लावायला ट्रॅक्टर आले आणि अल-अतरश भागात मोठी निदर्शने झाली, धरपकड झाली. वाळवंटातल्या शेतकऱ्यासाठी त्या दिवशी रोप हे कुंपणाच्या खांबासारखेच होते. आयरस ब्रेव्हरमन यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकाचे नाव ‘प्लांटेड फ्लॅग्ज’ ठेवले आहे, म्हणजे लावलेले झेंडे.

इथे आपल्यातला कोणी विचारील : झाड लावणे सदका आहे ना? आहेच. लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या खात्यावर पुण्य जमा होते, ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. कयामत समोर दिसत असतानाही हातातले रोप लावून टाका, असे सांगणारी हदीस मुसनद अहमदमध्ये आहे. पर्यावरण दिनाला आपण या दोन्ही सांगतो, फलकांवर छापतो. तिसरी मात्र सांगत नाही. अबू दाऊद आणि तिर्मिझीच्या संग्रहांत, इमाम मालिक यांच्या मुवत्तात ती आहे. ओसाड जमीन जो जिवंत करील ती त्याची, पण इर्के-जालिमला, म्हणजे जालिम मुळाला, काही हक्क नाही. इमाम मालिक यांनी त्याचा अर्थ सांगितला आहे : हक्क नसताना जे खणले, घेतले किंवा लावले ते. अबू दाऊदमध्ये प्रसंगही येतो. एकाने दुसऱ्याच्या जमिनीत खजुरीची झाडे लावली. तक्रार पैगंबरांकडे (स.) गेली. जमीन मालकाची ठरली आणि लावणाऱ्याला आपली झाडे काढून न्यायला सांगितले गेले. खजुरीचे झाड! ज्याचे अरबस्तानात पोटच्या पोरासारखे मोल, त्यालाही परक्या जमिनीत सूट मिळाली नाही.

ही हदीस वाचली की पाइनवरचा सगळा वाद वेगळा दिसू लागतो. झाड कुठल्या देशाचे, हा प्रश्नच तिथे नाही. ती खजूर त्याच मातीतली होती. जमीन कोणाची आणि विचारले कोणाला, एवढेच पाहिले गेले. म्हणून ‘पाइन परका आहे’ हा मुद्दा मांडून आपण आपलीच बाजू कमकुवत करतो. समोरचा वनस्पतीशास्त्राचा एक कागद पुढे करतो, पाइन स्थानिक असल्याचे सिद्ध करतो, आणि लुब्या-अमवासचा प्रश्न बाजूला पडतो. शिवाय देशी-परदेशीचा हा तराजू आपल्याला परवडणारा नाही. कोण मूळचा, कोण उपरा, कोणी ‘परत जावे’ हे आपल्याबद्दल रोज बोलले जात असताना आपणच तो तराजू झाडांसाठी हातात घ्यायचा? पॅलेस्टिनी गावांच्या खुणा आज ज्या निवडुंगामुळे ओळखू येतात, घराघराच्या कुंपणाचा तो सब्बार, मुळात मेक्सिकोकडचा आहे. कोणाही पॅलेस्टिनी माणसाला तो परका वाटत नाही, आणि वाटू नये.

आणि त्या हदीसमधून आणखी एक गोष्ट निघते, जी पोस्टी टाकणाऱ्यांना कदाचित आवडणार नाही. झाड ठेवायचे की काढायचे हे जमिनीचा मालक ठरवील. तो काढा म्हणू शकतो, राहू दे असेही म्हणू शकतो. तुम्ही आणि मी नाही, आणि वणवाही नाही. आगीने पाइन गेले म्हणून अमवासची जमीन अमवासकरांकडे परत येत नाही; वन खाते पुढच्या हंगामात नवी रोपे आणते, नाहीतर शंकू स्वतःच ते काम करतात.

अमवासकर परत आले तर काय करतील, हे मला ठाऊक नाही, पण झाडाच्या बाजूने काय शक्य आहे हे सांगता येते. घराच्या पायात आणि बांधाच्या दगडांत मूळ घुसलेले पाइन काढावेच लागतील. उरलेल्यांची विरळणी करायची, दर चारपाच झाडांत एक ठेवायचे, खालच्या फांद्या माणसाच्या डोक्यावर जातील इतक्या छाटायच्या, वस्तीभोवती जाळरेषा ठेवायची. पाइनखाली काही उगवत नाही हा समज आहे. ऊन खाली पोहोचले की ओक आणि पिस्त्याची रोपे आपोआप येतात, पाखरे बी आणतात. पायऱ्यांवर परत ऑलिव्ह आणि बदाम, खडकाळ माथ्यावर सनोबर. खाली शेळ्या. दिब्बीनचे जंगल थोड्याफार फरकाने असेच दिसते, आणि 1948 पूर्वी या डोंगरांचे काही कोपरेही असेच दिसत असणार.

कॅनडा पार्कमध्ये आजही पाइनच्या रांगांमधून बदामाची झाडे फेब्रुवारीत फुलतात. ती कोणी निधीने लावलेली नाहीत. ज्यांना तिथवर जाण्याचा परवाना मिळतो ते जुने गावकरी नातवंडांना घेऊन येतात, हिरवे बदाम तोडतात आणि कुठले झाड कोणाच्या परसातले होते ते त्यांना नाव घेऊन सांगतात.